बोबिनझ

एकोणऐंशीचा मार्च. सें-मोरीस नदीवर अजून बर्फाचा पापुद्रा,
आणि माझ्या टाइपरायटरपाशी सहाशे चाळीस कार्डं.
डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे कोरं.
कायदा झाला होता.
कागद गिरणीला आता फ्रेंचमध्ये बोलावं लागणार होतं.
मिस्टर हॅल्डेन म्हणाले, "तीन महिने पुरतील ना?"
जणू मी भिंती रंगवायला आले होते.

पहिला आठवडा सोपा गेला.
खिळा, झडप, पट्टा, शिडी.
हे शब्द आमच्या कोठारात, माजघरात राहतच होते,
फक्त गेटवरचा पहारेकरी त्यांना आत सोडत नव्हता.
'फोरमन'चा झाला 'कोंत्रमेत्र',
आणि बावीस वर्षं फोरमन असलेला दोना लाफ्रांबुआझ
दारावरची नवी पाटी वाचून म्हणाला,
"पगार तोच ना?"

चुरगळलेल्या, यंत्राने थुंकून टाकलेल्या कागदाला
इंग्रजीत म्हणतात 'ब्रोक'.
मी लिहिलं 'कासे'. मोडलेले. अनेकवचन.
एकटं काही मोडत नाही, हे मला पटलं.

'लेऑफ'ला आमच्याकडे शब्द तयार होता: 'मीझ आ प्ये'.
शब्दशः, पायांवर ठेवणे.
जणू आजवर कंपनीने आम्हाला कडेवर घेतलं होतं.

मग कार्ड चारशे बारा.
'वाइंडर'.
इंग्रजीला काय, तिची सगळी यंत्रं 'ते'.
आमच्यात मधे उभं राहायला जागाच नाही,
साध्या स्क्रूलाही 'तो' की 'ती' ठरवून घ्यावं लागतं.
कोशात होतं 'बोबिनझ'.
ती. कागद गुंडाळणारी.

रात्री जेवताना बाबांना विचारलं.
ओव्हिला, माझे बाबा, एकतीस वर्षं त्या यंत्रावर.
उजव्या हाताला बोटं तीन.
दोन अठ्ठावन्न सालापासून त्यांच्याकडे नाहीत.
त्यांनी वाटाण्याच्या सूपमध्ये पाव बुडवला,
शब्द तोंडात फिरवून पाहिला, गरम घास फिरवतात तसा.
"नाही," म्हणाले, "तो वाइंडर होता.
तो इंग्रजीत गुरगुरायचा, मी फ्रेंचमध्ये शिव्या घालायचो,
आमचं जमलं होतं.
या बाईंना मी ओळखत नाही.
हिने माझी बोटं घेतली असं कुठे लिहू नकोस हं,
परक्या बाईवर उगाच आळ नको."

आई हसली,
आणि हसता हसताच पाणी आणायला उठली.
जग टेबलावर भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी 'बोबिनझ' टाइप केलं.
स्पेलिंग दोनदा तपासलं.

मे महिन्यात पाट्यांची कार्डं आली.
पाचशे एकोणनव्वद: 'कीप हँड्स क्लिअर'.
तीन शब्द. मला फार वेळ लागला नाही.
का कोण जाणे, ते कार्ड मी घरी नेलं.

बाबांनी चष्मा शोधला. कार्ड खिडकीशी धरलं.
'हात लांब ठेवा',
आमच्या भाषेत, एकेक अक्षर चालत चालत
त्यांनी मोठ्याने वाचलं.
मग विचारलं, "ही कुठली पाटी?"
वाइंडरवरची, मी म्हटलं. लाल. डाव्या बाजूची.

"ती?"
बराच वेळ ते नदीकडे बघत होते,
जिथे ओंडके आता मोकळे वाहू लागले होते.
"ती तर मी रोज पुसायचो.
मला वाटायचं, ज्यांनी यंत्र बनवलं
त्यांचं नाव आहे."

कार्ड त्यांनी परत दिलं,
कडेला धरून, जपून,
शाई अजून ओली असल्यासारखं.